स्यून याऊ

परवा ट्रॅममध्ये शेजारच्याच्या ओल्या कोटाला सिगारेटचा वास आला आणि वीस वर्षांपूर्वीचं लंडनमधल्या क्रॉयडनचं ऑफिस आठवलं. बाळ यायच्या आत सिगारेट सोडतो, असं माझ्या हाँगकाँगच्या मित्राने बायकोला कबूल केलं होतं. मी मात्र रोज “एकच ओढू रे” म्हणत त्याला खाली न्यायचो. एकदा तो हसून म्हणाला, “तू माझा स्यून याऊ आहेस.” जिवलग वगैरे अर्थ असेल, म्हणून मी खूश. तरी कुतूहल वाटून त्याच्याच गावच्या रिसेप्शनिस्टला विचारलं. ती संकोचून म्हणाली, “कॅन्टोनीजमध्ये, वाईट सवयीला साथ देणारा मित्र.” दुसऱ्या दिवशी त्याने “खाली येतोस?” विचारलं. मी नाही म्हटलं. तोही न जाता परत खुर्चीत बसला. मी अर्थ शोधावा म्हणूनच तो शब्द त्याने वापरला होता का, हे विचारायचं मात्र राहूनच गेलं.