शेवंताबाई आणि एका बिळाची चतुःसीमा

मयत : शेवंताबाई, वय साठीच्या आसपास, धंदा भाजीपाला, राहणार भीमपूर मंडलातील नदीकाठचे एक गाव. मारणारे : तीन इसम, पैकी एक त्याच गावचा गंगाराम, दोघे बाहेरचे. वेळ : माघ संपता संपता, सकाळी, ऊन नुकतेच पडले असता. हत्यार : कुदळीचा दांडा. साक्षीदार : शेळ्या चारणारा पोशन्ना, ज्याने डोळ्यांनी पाहिले; आणि मी, अर्जनवीस, ज्याने पाहिले नाही, परंतु ज्याला मूळ कारण ठाऊक आहे. स्थळ : लिहिणार नाही. इतक्या वर्षांच्या लेखणीत हा रकाना मी प्रथमच कोरा सोडत आहे.

मंडल कार्यालयासमोरच्या निंबाखाली माझे टेबल आहे. शिक्षण आठवीपर्यंत, तथापि माझ्या दरखास्तीतला शब्द बदलण्याची हिंमत आजवर कोणा कारकुनाने केलेली नाही. त्या टेबलावर शेवंताबाईने प्रथम ठेवला तो तारेचा फास आणि फासात राहिलेला सशाचा पाय. ससा नव्हता. स्वतःच्या दातांनी पाय तोडून तो निघून गेला होता. माझ्या कोऱ्या कागदाला रक्त लागले म्हणून मी रागावलो, तर ती शांतपणे म्हणाली, "पुसून काऊन राह्यले, मुन्शीजी? शिक्का समजा."

थंडी सरू लागली, पळसाला मांजराच्या नखांसारख्या कळ्या आल्या, की तिचे पाय घरात ठरत नसत. वांग्या-मेथीची पाटी डोक्यावर घेण्याआधी ती नाल्याच्या काठाकाठाने रान फिरून येई. सरपणासाठी नव्हे, पाहण्यासाठी. म्हातारी हवा खायला जाते, असे गावातल्या बाया हसून म्हणत. त्यावर तिचे उत्तर ठरलेले : "आमी हवा नाही खात. कोनं कोनाले खाल्लं, ते पाहाले जातो."

एकदा मीही गेलो. बाभळीच्या काट्यांवर टोळ खोचलेले होते, त्यांत सरड्याचे एक पिल्लू. त्याचा मागचा पाय अजून हलत होता. हे खाटीक पक्ष्याचे दुकान, असे तिने सांगितले आणि लहान मुलीसारखी टाळी वाजवली. पुढे ओल्या वाळूवर मुंगसाचे पंजे आणि सापाचे वळसे एकमेकांत गुंतलेले होते. चार हात पलीकडे केवळ पंजे. मी जमिनीच्या पहाणीचा उतारा वाचतो तशी ती वाळू वाचत होती. "रान म्हंजे देऊळ नाही, मुन्शीजी," ती म्हणाली. "इथं रोज खून होते. पन पोट भरलं का कोनी मारत नाही. मानसाचं पोट कुटं हाय, ते मले अजून सापडलं नाही."

ती गरीब गाय मुळीच नव्हती. गंगाराम फास लावताना तिला सापडला, तेव्हा त्याचेच मनगट त्याच तारेत अडकवून तिने असा हिसका दिला की तार हाडापर्यंत गेली. त्याची तक्रार मीच लिहिली; या व्यवसायात दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतात. ती तिला वाचून दाखवली, तर लक्षपूर्वक ऐकून म्हणाली, "बराबर लिवलं. 'जोरात' तेवढं राह्यलं."

यंदा माघात ती पाटीशिवाय आली. तिला खवल्या मांजराचे बीळ सापडले होते. दिवस उगवण्याआधी मादी परतताना तिने पाहिली होती, आणि मादीच्या शेपटीवर पिल्लू. "जत्रेले निंगाल्यावानी बसलं होतं," हे सांगताना तिचा आवाज पहिल्यांदाच हळू झाला. परंतु जवळच नवे फास होते. खवल्यांसाठी गंगारामची माणसे दोन हिवाळे हे बीळ शोधत होती. पिल्लू मोठे होईपर्यंत जंगल खात्याचा पहारा बसावा, एवढेच तिला हवे होते.

"लिवा, पन थोडं लिवा," ती म्हणाली. "जागा आमी चालत जाऊन दाखवून देतो."

मी तिला समजावले की चतुःसीमेवाचून दरखास्त म्हणजे रद्दी. कायद्याला बोट दाखवलेले चालत नाही. तिने अंगठा दिला. मी लिहिले : पूर्वेस वाकलेला पळस, पश्चिमेस पांढरा खडक, उत्तरेस नाल्याचे वळण, दक्षिणेस वारूळ. सुवाच्य अक्षरात पाच नकला केल्या. एक ग्रामपंचायतीला मीच नेऊन दिली, आणि ती रीतसर फलकावर लागली.

तिसऱ्या सकाळी कुदळी पडल्या. पोशन्ना सांगतो, पहिल्या घावात पिल्लाचे दोन तुकडे झाले. मादीने अंगाचा गोळा केला. तो त्यांनी पोत्यात घातला. तेवढ्यात शेवंताबाई आली. तिने हातांनी आणि दातांनी पोते धरले. एका दांड्याने तिचा हात मोडला, पोते सुटले नाही. तिने गंगारामच्या कानाचा लचका तोडला. दुसरा दांडा डोक्यावर बसला. पोते फाटले आणि मादी गडगडत नाल्यात गेली.

ती चार दिवस जगली. मी भेटायला गेलो, तेव्हा डोके बांधलेले, डोळे उघडे. "अक्षर लई चांगलं हाय तुमचं," ती म्हणाली. "त्याइले लवकर वाचता आलं." आवाजात राग नव्हता.

म्हातारी दगडावरून पडली, असा तिघांनी जबाब दिला आहे. तो खोटा आहे. पोशन्ना शपथेवर सांगण्यास तयार आहे.

परवा पहाटे मी एकटाच तिच्या वाटेने गेलो. पळस पुरता पेटला होता. वाळूवर शेपटी ओढल्याचा एक माग दिसला, आणि माग संपला तिथे ताजी उकरलेली माती.

सबब विनंती की, तिघांवर खुनाचा गुन्हा दाखल व्हावा. चौथा इसम, चतुःसीमा लिहिणारा, याचाही जबाब घेण्यात यावा. तो निंबाखाली हजर आहे. उत्तर लेखी यावे, मात्र फलकावर लावू नये. नव्या बिळाला पहारा द्यावा. जागा मी चालत येऊन दाखवीन.