खुर्चीतली मैफल

अगं भावजयबाई, तू चिडणार हे धरूनच लिहायला बसले आहे. समोर बोलायला लागले की तू कात्री शोधायला उठतेस.

माझ्या धाकट्या भावाशी लग्न करून आलीस तेव्हा तुला दोनच गोष्टी येत होत्या: केस कापणं आणि गाणं ऐकणं. गळा असा की पाळण्यातलं पोर दचकून जागं व्हायचं. म्हणून दुसऱ्यांना गाणं ऐकवायचं खूळ घेतलंस. दोन खुर्च्यांचं पार्लर, आरशाखाली टेपरेकॉर्डर. डोक्याला रंग थापलेली बाई पळून जाणार कुठे?

"शास्त्रीय नको गं, झोप येते," बायका कुरकुरायच्या.

"झोपा की. फक्त घोरलात तर सुरात घोरा."

आणि ब्रश हातात धरून समजावायचीस, "पाहुणा आला की लगेच कामाचं बोलता का? आधी बसवता, पाणी देता. हा गवईही तेच करतोय. जरा दम धरा."

घड्याळ तू लावलंच नाहीस. टेप ठरलेली; तबला धावायला लागला की डोकं धुवायचं. बायकांनाही ती जागा कळू लागली. पुढेपुढे तर डोकी पुसून झाली तरी त्या उठेनात. हेडबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, एरवी हसायचंही मोजून, त्या तर केस पांढरे व्हायची वाट बघायच्या.

त्या दिवशी तू नवी टेप लावलीस. गायक तोच, राग तोच, पण भर मैफिलीतला. बुवांना घरी जायची घाई नव्हती. तबला आपला संथच. तू डोळे मिटून भिंतीला टेकलेली, आणि खुर्चीत हेडबाई ओठ दाबून. मी सहज डोकावले, त्यांच्या कानामागची कातडी लालभडक! मी ओरडले तेव्हा तू भानावर आलीस.

"अहो, बोलायचं नाही का?" तू रडकुंडीला आलेली.

"मैफिलीतून मध्येच उठायचं नसतं," त्या म्हणाल्या. "तुम्हीच शिकवलंत."

फोड आले, कानामागचे केस गेले. बाईंनी चकार शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, नाही? बऱ्या झाल्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "त्या दिवशीचं अर्धंच राहिलंय."

तू पाठ वळवलीस. "मशीन बिघडलंय."

धडधडीत खोटं. तेव्हापासून पार्लरमध्ये स्वयंपाकघरातला टायमर टिकटिकतो. बायका मासिकं चाळतात, रंग धुतला की निघून जातात.

मग एका संध्याकाळी तू टेपरेकॉर्डर पिशवीत घालून माझ्या हातात दिलास. "वन्सं, एवढा दुरुस्तीला टाका."

"अगं, चांगला चालतोय की!"

"टाका म्हटलं ना. निदान खोटं बोलल्यासारखं तरी होणार नाही."

आणला. पण दुकानदाराला सांगू काय, चांगला आहे, जरा बिघडवून द्या? पिशवीत त्या दिवशीची टेपही होती. दुपारी दार लावून ऐकली, शेवटपर्यंत. तबला धावतो गं, असा धावतो की बसवत नाही. हेडबाईंचा वाटा मी एकटीने खाल्ला. परवा त्या जिन्यात भेटल्या.

"झाला का दुरुस्त?"

"पार्ट मिळत नाहीये," मी म्हटलं. माझीही जीभ अडखळली नाही.

पिशवी माझ्या टेबलाखाली आहे. दुरुस्तीचं दुकान कोपऱ्यावर, त्याला लागूनच तुझं पार्लर. दोन्हीपैकी कुठेही मी ती नेलेली नाही, आणि तूही विचारलेलं नाहीस.