पांढरे बूट
कपाट आवरताना आज खोक्यातले पांढरे बूट हाती लागले. त्यांना अजूनही नव्या रबराचा वास येतो, आणि त्या वासाने चंदीगडचा तो रविवार परत आला. त्या रविवारच्या म्युझिक फेस्टिव्हलच्या पोस्टरवर सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत एका रॉक बँडचं नाव होतं. "इनको कोई नहीं जानता बाबा, पर सुनो," म्हणत तिथेच हिंदीत वाढलेल्या माझ्या लेकीने तिच्या इअरफोनचं एक टोक माझ्या कानात घातलं होतं. मग आठवडाभर डेराबस्सीच्या फॅक्टरीत जाता-येता गाडीत मी तेच लावलं. इंग्रजी शब्द डायरीत देवनागरीत उतरवून पाठ केले. तिने दोन तिकिटं काढली होती; दुसरं माझंच, असं मी धरून चाललो. रविवारी दुपारी मी मुद्दाम घेतलेले हे पांढरे बूट घालून, तयार होऊन हॉलमध्ये आलो, तेवढ्यात खाली तिच्या मैत्रिणीच्या गाडीचा हॉर्न वाजला. लेकीने माझ्या पायांकडे पाहिलं. "आप कहीं जा रहे हो?" "छे गं, बूट चावतात का ते बघतोय," मी म्हणालो. ती हसली आणि धडाधड जिना उतरून गेली. आता ती परदेशी असते. परवा फोनवर तिला मोठ्या उत्साहाने सांगितलं, त्या बँडचं नवं गाणं आलंय. ती म्हणाली, "कौनसा बँड, बाबा?"