हेलनच्या नऊ कथा, कोड डी

हेलनचा लॅपटॉप आयटीवाल्यांनी सकाळी उचलला आणि दुपारपर्यंत फॉरमॅटही केला.

"माझ्या नऊ कथा त्यात होत्या," ती माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली. "दुसरी कॉपी नाही."

२००८ संपत आलं होतं. जबल अलीतल्या आमच्या कन्स्ट्रक्शन कंपनीत रोज कुणाला तरी नोकरीवरून काढल्याचं लेटर मिळायचं, आज तिला मिळालं. हेलन ऑस्ट्रेलियन. वडिलांचं मेंढ्यांचं फार्म दुष्काळात विकलं गेलं, म्हणून ही दुबईला आली. आमच्यासाठी मेथड स्टेटमेंट लिहायची, म्हणजे काम कोणत्या पायरीने करणार ते कागदावर. लंच टाइममध्ये डबा बाजूला सारून कथा लिहायची. चार वर्षांत नऊ.

मी डॉक्युमेंट कंट्रोलर. येईल त्या कागदाला शिक्का, नंबर, फाइल. आणि इथेच मी अकलेचे दिवे लावले होते. हेलनने 'जमेल तेव्हा वाच' म्हणून कथांचे प्रिंट माझ्या ट्रेमध्ये ठेवले होते. मी न वाचता शिक्के मारून रजिस्टरला चढवले. सवय, दुसरं काय.

"आहेत तुझ्या कथा," मी म्हटलं. "मेथड स्टेटमेंटच्या फाइलला."

तिने मला मिठीच मारली. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. नंबर पडला की कागद कंपनीचा, आणि शिक्केवाला कागद सिक्युरिटी गेटबाहेर सोडत नाही. तिचं विमान दुसऱ्या दिवशी होतं.

प्रोजेक्ट मॅनेजर परकारसाहेब रत्नागिरीचे. त्यांच्याकडे गेले, सगळं सांगितलं.

"अप्रूव्ह करून देतो की."

"नको हो साहेब. अप्रूव्ह झालं तर कायमचं फाइलला. रिजेक्ट करा, कोड डी. रिजेक्ट झालेला कागद लिहिणाऱ्याकडे परत जातो, गेटवरही अडवत नाहीत."

"कारणाचा कॉलम आहे ना पण?"

"लिहा काहीही."

साहेबांनी पहिली कथा वाचायला घेतली. फोन वाजला, उचलला नाही. "बाई, हे रिजेक्ट करायचं जिवावर येतंय," म्हणाले. मग लिहिलं, 'क्रेनची क्षमता दिलेली नाही.' नऊ वेळा, सहीसकट.

हेलनने गेटवर शेरा वाचला. "संपादकांनी मला याहून वाईट कारणं दिली आहेत," म्हणाली, आणि गठ्ठा छातीशी धरून रडली.

मी एवढंच शिकले. कंपनीने पास केलं ते कंपनीचं, नापास केलं तेवढं आपलं.