वाघदेवाची ओळ

आमच्याकडे लग्न भटजी लावत नाही, बाई लावते. तिला धवलेरी म्हणतात. ती गाणं म्हणून एकेका देवाला मांडवात बोलावते आणि मागे बसलेल्या बायका तिची ओळ उचलतात. जामसरच्या एका लग्नात माझ्या मावशीचा आवाज बसला आणि तिने मला, तिच्या हाताखाली शिकणाऱ्या भाचीला, पुढे ढकललं. जव्हारचे महाराज समोर येऊन बसले असते तरी मी इतकी थरथरले नसते!

"ही पोरगी लग्न लावणार?" नवरदेवाचा काका मोठ्याने म्हणाला. माझं डोकंच सणकलं. मी असा सूर लावला की मांडवातल्या कोंबड्या पळाल्या. देव एकामागून एक येऊ लागले, आणि वाघदेवापाशी पुढची ओळ डोक्यातून साफ गेली.

मी गप्प झाले, पण गाणं थांबलंच नाही. बायकांनी वाघदेवाची तीच ओळ पुन्हा उचलली, मग आणखी चढ्या आवाजात पुन्हा, जणू ती तशीच म्हणायची असते. मावशी तर डोलायलाच लागली. तेवढ्यात मला पुढची ओळ आठवली आणि मी ती अशी फेकली की मांडव दणाणला!

काही वर्षांनी खोडाळ्याच्या लग्नात माझ्या हाताखालच्या पोरीने वाघदेवाची ओळ एकदाच म्हटली. जामसरच्या लग्नातला तोच काका पाहुणा म्हणून आला होता, तो खेकसला, "वाघदेवाला एकदाच बोलावतात होय? पुन्हा पुन्हा बोलवायचं असतं. जुनी रीत आहे!"

मागे बसलेल्या आम्ही बायकांनी तोंडाला पदर लावले, हसू गिळलं आणि ओळ पुन्हा उचलली.