मरळीच्या कोपऱ्याचे राखणदार : दगडूमामा

दगडूमामांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली, असं लिहिलं असतं. पण मामा भांडत नाहीत. तीच तर खरी तकलीफ आहे.

मी मूळचा शिरड शहापूरचा. लग्नानंतरच्या पहिल्या आखाडाला इकडं साखऱ्याच्या बाजूला सासुरवाडीला आलो होतो. सासूबाईंनी तळण काढलं होतं, आणि मला हौस की जावयानं स्वतः मासा धरून आणावा. गळ घेऊन तळ्यावर गेलो. उत्तरेच्या कोपऱ्यात मांडीएवढं पाणी, बुडालेल्या बाभळींची खोडं, भोवती लव्हाळं. तिथं मरळीच्या लालसर पिल्लांचा घोळका पाण्यावर बुडबुडत होता. अशा घोळक्याखाली मोठी मरळ असते, एवढं मला ठाऊक होतं. गळ टाकला आणि हातभर मरळ काठावर आणली. मागं एक गृहस्थ येऊन उभे होते. भोईवाड्यातले हे दगडूमामा, हे मला नंतर कळलं.

"जावईबापू, मासा झकास हाय. आता बसा हितं."

"काहून?"

"बसा तर."

नव्या जावयाचा गावात तमाशा नको म्हणून बसलो. राखण करणारी आई माझ्या पिशवीत होती. आधी खंड्या आला, मग बगळे आले, खालून दुसरे मासे आले. उन्हं कलेपर्यंत त्या घोळक्यातलं एक पिल्लू उरलं नाही. शेवटी मामा उठून म्हणाले, "जा आता, घरी वाट पाहून राह्यले असतील." त्या दिवशीची मरळ माझ्या घशाखाली उतरली नाही. सासूबाईंना वाटलं, मीठ कमी पडलं.

पुढं मी याच गावचा झालो आणि लिहिता-वाचता येतं म्हणून मच्छीमार सोसायटीचा सचिव झालो. मामा संचालक होते. पावसाळाभर उत्तरेच्या कोपऱ्यात गळ नाही, जाळं नाही, हा त्यांचा नियम. "बाळंतिणीची खोली हाय ती," एवढंच स्पष्टीकरण. अहो, सभेच्या इतिवृत्तात हे लिहायचं कसं? मी विचारलं. ते म्हणाले, "जसं बोललो तसंच लिवा." लिहिलं. तपासणीला आलेले साहेब वाचून हसले, आणि मान खाली मी घातली.

एकदा हट्टानं मी माझं कोरं जाळं त्या कोपऱ्यालगत लावलं. खोडांनी त्याच्या चिंध्या केल्या. मी मामांना नाही नाही ते बोललो. त्यांनी निमूट जाळं घरी नेलं, तीन दिवस बसून विणून काढलं आणि माझ्या ओट्यावर आणून ठेवलं. नव्यापेक्षा मजबूत. मी आभार मानायला तोंड उघडतो तोच म्हणाले, "पुन्ना तिथं दिसलं तर मीच कापीन." सांगा, अशा माणसाचे आभार मानायचे तरी कसे?

आमच्या घरी दुसरं लेकरू झालं तो श्रावण होता. बाळंतपण जड गेलं, पत्नीच्या अंगात ताकद राहिली नाही. सासूबाई म्हणाल्या, मरळीचा रस्सा पाजा. मी मामांच्या पाया पडलो, म्हटलं, कोपऱ्यातून एकच मरळ काढू द्या. "न्हाई," म्हणाले. मी संतापानं घरी आलो. दुसऱ्या दिवशी दुपारी मामा दारात, हातात शेततळ्यात वाढवलेली मरळ. हिंगोलीच्या बाजारातून विकत आणलेली! भोई माणूस मासे विकत घेतोय म्हणून अख्खा बाजार त्यांच्यावर हसला होता, हे मला तिसऱ्याकडून समजलं. पाच दिवस असंच चाललं. पत्नी उठून बसली. तिच्यासाठी मामा देवमाणूस आहेत. तिला मी दोष देत नाही.

आता या वर्षाचं सांगतो, कारण मामांबद्दल खरं लिहायचं तर ते टाळता येणार नाही. यंदा तळ्यातला गाळ काढायचा ठराव झाला, उत्तरेच्या कोपऱ्यासकट. लोकांचं चुकतं असंही नाही. गाळ शेतात पडला की पीक येतं, तळं खोल झालं की पाणी टिकतं, रोहू-कटला हे मासे जास्त सोडता येतात. मामांचा एकट्याचा हात विरोधात वर होता. त्यांच्या मुलाचा हातसुद्धा ठरावाच्या बाजूनं. मामांचे गुडघे गेलेत, डॉक्टरांनी पाण्यात उतरायला बंदी केली आहे. तरी हे दुसऱ्या दिवशी काठी टेकत कोपऱ्याच्या पाण्यात जाऊन उभे! मी ओढून बाहेर काढलं तर मलाच म्हणतात, "तुमचे पाय भिजले की हो."

गाळ काढायच्या अर्जावर सोसायटीच्या सचिवाची सही लागते. काही वर्षांपूर्वी तळ्याचा पूर्वेचा काठ खोदला तेव्हा मीच सही केली होती. तिथं आता काठावरून एकदम पुरुषभर पाणी लागतं. मरळीला घर करायला उथळ जागाच उरली नाही, आणि त्या बाजूला पिल्लांचा घोळका मी परत पाहिला नाही. हे मला कळायला इतकी वर्षं लागली, याची लाज वाटते. म्हणून सोसायटीच्या या अंकातच जाहीर करतो : बाकीचं तळं खुशाल खोदा, उत्तरेच्या कोपऱ्याच्या अर्जावर माझी सही होणार नाही. सचिव बदलायचा तर बदला.

हे मी आधी मामांना सांगायला गेलो. वाटलं, आता तरी पाठीवर हात ठेवतील. मामांनी माझ्याकडं नीट पाहिलं आणि विचारलं, "मंग पूर्वेच्या वक्ताला काहून केली, जावईबापू?"

मामा, तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. शंभरी गाठा, आणि तीही गुडघे सांभाळून. तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं अजून नाही. ते द्यायला येईन, तेव्हा तुम्ही घरी असायला हवेत.