कोर्टासमोरचे टायपिंगवाले मामा

टाईप करता करता मामा एकदम दोन्ही हात कीबोर्डवरून उचलायचे आणि विचारायचे, "हा माणूस खरंच असं बोलंल का वो?"

धाराशिवच्या कोर्टासमोर त्यांचं टायपिंगचं दुकान होतं. दिवसभर प्रतिज्ञापत्रं, वारसाचे अर्ज. दिवाळी अंकांचे दिवस जवळ आले की आमच्यासारखे लेखकही रांगेत. असा माणूस तुमच्याही गावात असेल. आपलं सगळं लिखाण त्याच्या नजरेखालून जातं आणि आपण त्याला वाचक समजत नाही.

मी कॉलेजात मराठी शिकवतो, कथा लिहितो. माझ्या एका कथेत म्हातारी मरताना अर्धं पान बोलत होती. मामा थांबले. "सर, माझी आई गेली तवा एवढंच म्हणली, म्हशीला पाणी पाजलं का."

"आहे तसं टाईप करा," मी म्हणालो.

त्यांनी केलं. कथा साभार परत आली.

मग अणदूरच्या माझ्या एका विद्यार्थिनीनं मेंढरं राखणाऱ्या वडिलांवर कथा लिहिली. मी त्या कथेवर 'विस्कळीत' असा शेरा मारला होता. ती मामांकडे गेली. मी तिथंच बाकावर माझ्या प्रिंटची वाट बघत होतो.

"बाय, पहिली दोन पानं तू नुसता घसा साफ करतीस," मामा तिला म्हणाले. "गोष्ट तिसऱ्या पानावर हाय. तिथनं सुरू कर. आन् रोज एक पान लिव. बरं-वाईट मागनं बघू. भाकरी रोज कुठं फुगती? म्हणून थापायची सोडतो व्हय आपण?"

कथा छापून आली. ती पेढे घेऊन विभागात आली आणि म्हणाली, "मामांनी सांगितलं तसं केलं, सर." तो पेढा मी तसाच खणात ठेवून दिला.

त्यानंतर पोरं वह्या घेऊन मामांकडे जाऊ लागली. माझा कथालेखनाचा तास रिकामा आणि दुकानासमोर चपलांचा ढीग. मी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं जाऊ लागलो.

कॉलेजात कथा कार्यशाळा ठरली. प्राचार्यांनी विचारलं, "त्या टायपिंगवाल्या मामांना बोलायला बोलवू या का?"

"ते दहावीसुद्धा झालेले नाहीत," मी म्हणालो. "बाहेरून प्राध्यापक येणार. बरं दिसणार नाही."

नाव कटलं. तुम्हाला बोलायला बोलावणार, असं पोरांनी मामांना आधीच सांगून ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं. कार्यशाळेच्या दिवशी ते दुकान बंद करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले आणि शेवटच्या रांगेत बसले. माझं भाषण त्यांनी लिहून घेतलं. नंतर जवळ येऊन म्हणाले, "लई चांगलं बोललात, सर. ते पात्राच्या अंतर्मनाचं म्या टिपून घेतलंय." त्यात टोमणा असेल म्हणून मी त्यांचा चेहरा निरखला. नव्हता.

गेल्या हिवाळ्यात मामा हृदयविकारानं गेले. मी घरी भेटायला गेलो, तेव्हा वहिनींनी, मामांच्या बायकोनं, आतून एक वही आणली.

"हे बी लिवायचे. तुमाला दाखवणार व्हते, सर. पर त्या कॉलेजातल्या कार्यक्रमानंतर नगं म्हणले. का, ते सांगितलं न्हाय."

मी वही उघडली. भावाच्या नावावर हिस्सा सोडून द्यायला कोर्टात आलेल्या एका बहिणीची गोष्ट होती. सुरुवात अशी: 'बाईनं कागदावर अंगठा उठवला आणि पदराला पुसला. शाई गेली न्हाय. जमीन गेली.'

"बरं हाय का वो, सर?" वहिनींनी विचारलं.

"लई चांगलं आहे," मी म्हणालो. मामांबद्दल मी मनापासून बोललेलं ते पहिलं वाक्य.

त्या पदर डोळ्याला लावून रडू लागल्या. मलाही रडू यायला हवं होतं. पण मी ती ओळ पुन्हा वाचत होतो आणि मनात एकच होतं, ही मला का सुचली नाही.